तुरुंगाच्या आतले न्यायासन

सुशिक्षित घरांतून तुरुंगाची गोष्ट निघते ती बहुधा अभिमानाने निघते. कोणाचे आजोबा १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात येरवड्यास जाऊन आलेले असतात, कोणाच्या आत्याबाई १९४२ साली. त्यांची टकळी अद्याप फडताळात जपून ठेवलेली असते. १८८२ साली टिळक आणि आगरकर ह्यांना डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले व तेथील १०१ दिवसांची हकीकत आगरकरांनी लिहून ठेवली, हे तर शाळकरी मुलांसही ठाऊक असते. मात्र न्यायालयाने दिलेली शिक्षा चार महिन्यांची होती. मग दिवस १०१ च कसे भरले, हा प्रश्न आमच्या इतक्या वर्षांच्या शिक्षकीत एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही, आणि खरे म्हणजे एकाही पालकाने नाही. उत्तर एवढेच की, त्यांना मुदतीत सूट मिळाली. तुरुंगाच्या व्यवहारात हिला 'माफी' म्हणतात. चांगली वर्तणूक आणि नेमून दिलेले काम ह्यांच्या बदल्यात शिक्षाबंद्याच्या खात्यावर दिवस जमा होत जातात, आणि शेवटी तितके दिवस आधी त्याच्यासाठी दरवाजा उघडतो.

जे जमा होते ते वजाही होऊ शकते. न्यायालयाने शिक्षा दिली तर तिच्यामागे वकील असतात, साक्षीपुरावा असतो, वर अपील असते. पण बंद्याच्या खात्यावरील दिवस वजा व्हावयाचे ते तुरुंगाच्या आतल्या एका खोलीत, एका टेबलाशी, पुष्कळदा काही मिनिटांतच होतात. बाहेरच्या जगास हे न्यायासन दिसत नाही. त्यावर बसणाऱ्या अधिकाऱ्यास ऐकावे कसे, विचारावे काय आणि लिहावे काय हे शिकविले जाते काय, आणि शिकवावयाचे तर नेमके काय शिकवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय रूक्ष वाटेल. पण ज्याचे तेहेतीस दिवस अशा टेबलाशी गेले असा एक मनुष्य आमच्या परिचयाचा आहे, म्हणून वाचकांचा थोडा वेळ घेत आहो.

आम्ही हे लिहीत आहो ते सूर्यमाळ येथून. मोखाडे तालुक्यातील डोंगरमाथ्यावरचे हे गाव. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले तेव्हापासून पालघर जिल्ह्यात मोडते. एका अंगास जव्हार, मुकणे राजांचे जुने संस्थान. दुसऱ्या अंगास खोडाळ्याचा बाजार. आषाढ-श्रावणात चार चार दिवस समोरचे झाड धुक्यात दिसत नाही. वस्ती वारली, कातकरी, महादेव कोळी, ठाकूर ह्यांची, शेती नागली-वरईची, आणि दिवाळी उलटली की कितीतरी घरांना कुलूप लागून माणसे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात. नोकरी संपल्यावर हवेसाठी म्हणून आम्ही येथे आलो आणि येथलेच झालो. ह्या मुलखातल्या मनुष्यास मोठी शिक्षा झाली म्हणजे तो ठाण्याच्या किंवा नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात जातो. ठाण्याचे कारागृह म्हणजे पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला आणि १७३७ साली मराठ्यांनी जिंकून घेतलेला किल्लाच होय. त्या तटाच्या आत गेलेल्या वारल्यास भिंतीइतकीच अडचण पडते ती भाषेची. त्याची बोली निराळी, आणि सरकारी कागदावरची मराठी ही त्याला जवळजवळ परकीच. शिवाय साहेबासमोर प्रत्येक प्रश्नास 'होय' म्हणणे ही तो सभ्यता समजतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपली कारागृहे शतकाहून अधिक काळ ज्या कायद्यावर चालली तो १८९४ सालचा. त्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात तुरुंगातील अपराधांचे सोळा प्रकार दिले आहेत: आज्ञाभंग, मारामारी, उद्धट भाषण, कामात जाणूनबुजून आळस, निषिद्ध वस्तू जवळ बाळगणे, आजाराचे सोंग, पलायनाचा कट इत्यादी. शेचाळिसाव्या कलमात शिक्षा आहेत. मूळ मजकुरात त्या ताकिदीपासून सुरू होऊन माफीतील कपात, तरटाचे कपडे, हातकड्या, पायबेड्या, चौदा दिवसांपर्यंत कोठडी अशा चढत चढत तीस फटक्यांपर्यंत जातात. अपराध आणि शिक्षा ह्यांची अशी ही भरगच्च यादी. पण ह्या दोहोंच्या मध्ये जे घडावयाचे, म्हणजे चौकशी, तिच्यासाठी कायद्याने खर्चिले आहे फक्त एक वाक्य. अधीक्षकाने अपराधासंबंधी कोणाचीही विचारपूस करावी, त्यावरून निर्णय करावा आणि शिक्षा द्यावी, एवढेच. बंद्याला आरोप आधी कळवावा, त्याला वेळ द्यावा, त्याने साक्षीदार सांगितला तर बोलवावा, ह्यांपैकी त्या वाक्यात काही नाही.

शिक्षेची नोंद कशी ठेवावी हे एकावन्नाव्या कलमात आहे, आणि ते बारकाईने वाचण्यासारखे आहे. गंभीर अपराध असेल तर साक्षीदारांची नावे लिहावी असे ते सांगते. पण साक्षीचा सारांश, बंद्याचा बचाव आणि निर्णयाची कारणे ही तिन्ही लिहिण्याचे बंधन त्याने केव्हा घातले? तर फटक्यांची शिक्षा दिली असेल तेव्हा. म्हणजे पाठीवर वळ उठणार असतील तर कारण लिहिले पाहिजे. आयुष्यातले महिने जाणार असतील तर नावे आणि तारखा पुरेत. १८९४ साली कायदा करणाऱ्यांच्या मनात देहदंड हाच खरा दंड होता व काळाचा दंड त्यांना गौण वाटला, असेच ह्यावरून अनुमान निघते. ह्या अनुमानाची सावली पुढे फार लांबवर पडली.

आणखी एक गोष्ट. सोळा अपराधांपैकी चौदावा आहे, अधिकाऱ्यावर किंवा दुसऱ्या बंद्यावर जाणूनबुजून खोटा आरोप करणे. अपराध वाजवीच आहे. परंतु शिपायाने तक्रार केली की अमक्याने मला शिवी दिली, आणि अमका म्हणाला की शिवी मी दिली नाही, शिपाई पैसे मागत होता, तर हा बचाव झाला की नवा अपराध? नीट शिकविलेला अधिकारी म्हणेल, बचाव. न शिकविलेला म्हणेल, आणखी एक कलम लावा. बंदी एकदा हे पाहतो आणि दुसऱ्या वेळेपासून गप्प राहतो. ती गप्प म्हणजे कबुली असे मग नोंदवहीत लिहिले जाते.

आमचे शिक्षण जुन्या वळणाचे. त्यामुळे हे कलम वाचताना आम्हांस याज्ञवल्क्याचा व्यवहाराध्याय आणि त्यावरील मिताक्षरा ह्यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. तेथे व्यवहार, म्हणजे दावा, चतुष्पाद सांगितला आहे: वादीची भाषा, प्रतिवादीचे उत्तर, पुराव्याची क्रिया आणि शेवटी सिद्धी. फिर्याद प्रतिवादीच्या समक्ष लिहावी, वर्ष, मास, पक्ष, तिथी, नाव ह्यांसह लिहावी, आणि ती ऐकल्यावर प्रतिवादीने दिलेले उत्तर वादीच्या समक्ष लिहावे, असा तेथील दंडक आहे. चारांतला एक पाद काढला तर दावा लंगडतो. १८९४ च्या त्या एका वाक्यात भाषा आहे, क्रियेचा थोडा भाग आहे, सिद्धी तर आहेच. नाही तो फक्त उत्तरपाद.

आणि उत्तर म्हणजे नुसते होय किंवा नाही नव्हे. शास्त्रकारांनी उत्तराचे चार प्रकार केले आहेत. मिथ्या: हे घडलेच नाही. संप्रतिपत्ती: घडले, मान्य आहे. प्रत्यवस्कंदन, ह्यालाच कारणोत्तर म्हणतात: घडले खरे, पण त्याला असे असे कारण आहे. आणि प्राङ्न्याय: ह्या गोष्टीचा निवाडा माझ्यावर एकदा होऊन चुकला आहे. तुरुंगाच्या टेबलाशी हे चारही प्रकार रोज येतात. दुसऱ्या सर्कलमध्ये ह्याच भांडणाबद्दल माझी मुलाखत बंद केली होती, असे जो बंदी सांगतो तो प्राङ्न्यायच सांगत असतो, जरी त्याने तो शब्द जन्मात ऐकलेला नसला. सर्वांत घात होतो तो तिसऱ्याचा. कारण कारणोत्तराची सुरुवात 'होय'ने होते, आणि लिहिणारा घाईत असला म्हणजे 'होय' पाशीच लेखणी थांबते.

आमच्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असा ह्याचा अर्थ वाचकांनी कृपा करून घेऊ नये. ज्या स्मृतींत उत्तराचे हे चार भेद आहेत त्यांतच एकाच अपराधास वर्णपरत्वे कमीअधिक दंडही आहेत. ते आपण टाकून दिले हे उत्तम केले. पण चांगले ते चांगलेच. कौटिल्याने बंधनागाराच्या प्रकरणात अधिकाऱ्यांसाठी जे दंड सांगितले त्यांत कैद्याची जागा बदलणे किंवा त्याचे अन्नपाणी अडविणे ह्याबद्दल शहाण्णव पण दंड आहे. त्याला छळल्यास त्याहून मोठा, मारून टाकल्यास सहस्र पण. तुरुंगाच्या आत शिक्षा देणाऱ्यावरही कोणाची तरी नजर असली पाहिजे हे तत्त्व तेवढे जुने आहे.

आता तो तेहेतीस दिवसांचा प्रकार. आमचा एक जुना विद्यार्थी, वारली, जमिनीच्या बांधावरून झालेल्या मारामारीत शिक्षा लागलेला. कोणत्या कारागृहात होता ते सांगण्याचे कारण नाही. संचित रजेवर, म्हणजे फर्लोवर, पावसाळ्यात घरी आला. आई अंथरुणाला खिळलेली. परतण्याच्या आदल्या दिवशी दरड पडून रस्ता बंद झाला. तो मोकळा होतो न होतो तोच म्हातारी गेली. दिवसकार्य उरकून तो आपल्या पायांनी खोडाळ्यास आला, बस धरली आणि कारागृहाच्या दारी जाऊन उभा राहिला. उशीर अकरा दिवस. पोलीस आणावयास गेले नव्हते, तो स्वतः आला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. टेबलाशी त्याला विचारण्यात आले, "अकरा दिवस उशीर केलास, कबूल?" तो म्हणाला, "होय साहेब." कागदावर उमटले: आरोप मान्य, काही सांगावयाचे नाही. त्याने सही केली. सही करावयास आम्हीच शिकविले होते. माफीतून तेहेतीस दिवस गेले.

पुढे मुलाखतीस गेलो तेव्हा आम्ही त्याला म्हटले, "अरे, आईचे का नाही सांगितलेस?" तो म्हणाला, "गुरुजी, त्यांनी ते विचारलंच नाही."

ह्यात कोणी दुष्ट नव्हते. त्या दिवशी त्या अधिकाऱ्यापुढे असे कितीतरी कागद असतील. पण कायद्यात पाहिले तर मुंबई राज्याने १८९४ च्या अधिनियमात रजेच्या अटींसंबंधी जी भर घातली तीत दोन शब्दसमूह आहेत: अट 'पुरेशा कारणावाचून' मोडलेली असली पाहिजे, आणि शिक्षा द्यावयाची ती बंद्याचे 'स्पष्टीकरण घेऊन'. म्हणजे कारणोत्तर हे येथे केवळ दयेचे नसून अपराधाच्या व्याख्येतच बसलेले आहे. कारण विचारल्यावाचून अपराध झाला की नाही हेच ठरत नाही. पुढे विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलामार्फत अर्ज झाला, ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला जोडला, त्याचे म्हणणे पुन्हा घेण्यात आले, आणि कपात अकरा दिवसांवर आली. ह्या सर्वाला चार महिने लागले. टेबलाशी एक प्रश्न जास्त विचारण्यास अर्धे मिनिट लागले असते.

ही गोष्ट न्यायालयांच्या ध्यानात आलेली नाही असे नाही. बंदी झाला म्हणून मनुष्याचे सर्व हक्क दरवाजाशी गळून पडत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली ज्या खटल्यात सांगितले तो महाराष्ट्रातलाच आहे. मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध असलेले प्रभाकर संझगिरी ह्यांनी तेथे 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानाचे पुस्तक चक्क मराठीत लिहिले, आणि ते प्रसिद्धीसाठी बाहेर पाठविण्यास सरकारने नकार दिला. न्यायालयाने तो नकार चालू दिला नाही. मराठीतल्या अणुशास्त्राच्या पुस्तकाने भारतीय तुरुंगाच्या कायद्यात अशी जागा मिळवावी ह्याची आम्हांस मोठी मौज वाटते. त्यानंतर सुनील बात्रा ह्या तिहारमधील बंद्याची दोन प्रकरणे झाली, १९७८ साली आणि १९७९ च्या डिसेंबरात. दुसऱ्याची सुरुवात तर एका पत्राने झाली: सोबतच्या बंद्याचा पैशासाठी छळ चालला आहे असे त्याने न्यायमूर्तींस कळविले, आणि ते पत्रच अर्ज म्हणून धरण्यात आले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी त्या निकालात सांगितले की, एकांतकोठडी, शिक्षा म्हणून कठोर काम, अन्नातील फरक, सवलती काढून घेणे किंवा शिक्षेदाखल दुसऱ्या तुरुंगात धाडणे, ह्यांपैकी काहीही सत्र न्यायाधीशांनी तपासल्यावाचून होऊ नये. तातडीच असेल तर दोन दिवसांच्या आत त्यांस कळवावे. कौटिल्याच्या यादीतील जागा आणि अन्न ह्या दोन्ही गोष्टी येथे पुन्हा आलेल्या पाहून वाचकांस आमच्यासारखेच नवल वाटेल.

पण सत्र न्यायाधीशांपुढे जातो तो कागद. कागदावर 'आरोप मान्य' असेल तर त्यांनी तरी काय तपासावे? म्हणून न्यायालयाच्या निकालाने सुटणारा हा प्रश्न नव्हे. जो पहिला शब्द लिहितो त्याच्या शिक्षणाचा आहे.

परदेशांनी हे ठेचा खाऊन ओळखले. इंग्लंडात हल येथील तुरुंगात १९७६ साली मोठा दंगा झाला. दंगेखोर म्हणून ज्यांची माफी कापली त्यांना आपले साक्षीदार बोलावू दिले नव्हते आणि ऐकीव माहिती पुरावा म्हणून घेतली होती. १९७९ साली न्यायालयाने त्यांतले कित्येक निर्णय रद्द केले. पुढे युरोपच्या मानवी हक्क न्यायालयातील निकालानंतर तेथे बंद्याचे दिवस वाढविण्याचा अधिकारच तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडून काढून २००२ पासून बाहेरच्या स्वतंत्र न्यायाधिकाऱ्याकडे दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली ठरविले की, चांगल्या वर्तणुकीचे दिवस कापण्यापूर्वी निदान चोवीस तास आधी आरोप लेखी द्यावा आणि निर्णयाची कारणे लेखी द्यावी. संयुक्त राष्ट्रांचे नियम १९५५ सालापासून होते. २०१५ साली ते वाढवून त्यांना सत्तावीस वर्षे बंदिवास भोगलेल्या नेल्सन मंडेला ह्यांचे नाव देण्यात आले. त्यांतील एक्केचाळिसावा नियम म्हणतो की, आरोप बंद्यास समजेल अशा भाषेत, विलंबावाचून सांगावा, तयारीस वेळ द्यावा, आणि लागेल तर दुभाषा द्यावा. आमच्या वारल्यासाठी ह्याहून वेगळा नियम करावा लागणार नाही.

चौकशी नीट नसली म्हणजे तिच्या जागी काय येते, ह्याचे एक उदाहरण सांगणे भाग आहे. जून २०१७ मध्ये मुंबईच्या भायखळा येथील महिला कारागृहात सकाळच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले. त्याबद्दल बराकीचे काम पाहणाऱ्या एका शिक्षाबंदी स्त्रीस जाब विचारण्यात आला, आणि तिला झालेल्या मारहाणीत ती मरण पावली असा आरोप ठेवून कारागृहाच्या सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा खटला दाखल झाला. खटल्याविषयी आम्हांस येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु आरोप दोन अंड्यांचा होता. वाटपाची वही, वाटणारी माणसे, घेणाऱ्या बायका, सारे साक्षीपुरावे एका बराकीत हाताशी होते. टेबल मांडून विचारले असते तर दुपारच्या जेवणापूर्वी उलगडा झाला असता, आणि दोषी ठरती तरी ताकिदीपलीकडे फारसे काही करावे लागले नसते.

तुरुंगाच्या नोकरांस शिक्षण द्यावे ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. लखनौस १९४० साली त्यासाठी शाळा निघाली. १९५१-५२ साली संयुक्त राष्ट्रांच्या वतीने डॉक्टर रेकलेस नावाचे अमेरिकन पंडित येथे आले, त्यांनी मुंबईस तुरुंगाधिकाऱ्यांना शिकविले आणि आपला अहवाल दिला. वेल्लोर येथे १९७९ साली दक्षिणेकडील राज्यांसाठी संस्था स्थापन झाली. न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला, जे उर्दूचे नामांकित कवीही होते, त्यांच्या समितीने १९८३ साली दिलेल्या अहवालात शिक्षित अधिकाऱ्यांवाचून तुरुंगसुधारणा होणे नाही असाच सूर आहे. महाराष्ट्रात येरवड्यास दौलतराव जाधव ह्यांच्या नावाचे तुरुंगाधिकाऱ्यांचे प्रशिक्षण महाविद्यालय आहे. केंद्राने २०२३ साली नव्या कायद्याचा नमुना राज्यांकडे धाडला, व महाराष्ट्राच्या विधिमंडळातही २०२४ साली कारागृहांच्या नव्या कायद्याचे विधेयक आले. कवायत, शस्त्र, झडती, नोंदवह्या, कायदा हे विषय कोठल्याही अशा शाळेत असावयाचेच. 'ऐकणे' हा विषय मात्र वेगळा शिकवावा लागतो असे कोणास सहसा वाटत नाही, कारण कान सर्वांनाच असतात.

शिकवावयाचे ते आमच्या मते तक्रार लिहिणाऱ्या शिपायापासून. 'बंदी उद्धटपणे वागला' हे वाक्य शाळेतल्या वर्गप्रमुखाच्या वहीत शोभेल. काय शब्द उच्चारले, किती वाजता, कोठे उभा होता, जवळ कोण होते, हे लिहावयास शिपायास शिकविले पाहिजे. त्याने पाहिलेले लिहावे, ठरविलेले लिहू नये. ही सवय लावणे कठीण नाही. आम्ही सातवीच्या मुलांकडून गावच्या जत्रेचे वर्णन ह्याच रीतीने लिहवून घेत असू. पहिल्या खेपेस 'खूप मजा आली' एवढेच येई. चौथ्या खेपेस दुकानांची संख्या आणि पाळण्याचा रंग येई.

मग सुनावणी घेणारा अधिकारी. त्याने तक्रार बंद्यासमोर त्याच्या बोलीत वाचून घ्यावी. दुभाषा हवा असेल तर तो तक्रारदार शिपायाच्या हाताखालचा नसावा, आणि कोणाचे वैर नसलेला त्याच भागातला बंदी चालेल. 'कबूल आहे काय?' हा प्रश्न अधिकाऱ्यांच्या जिभेवरून पुसून टाकावयास हवा. त्याच्या जागी 'काय झाले ते तू सांग' असे म्हणावे, आणि मग थांबावे. थांबणे हीच ह्यातली अवघड विद्या. डोंगरातला मनुष्य उत्तर देण्यापूर्वी बराच वेळ खाली पाहतो. तेवढ्यात अधिकारी दुसरा प्रश्न टाकतो आणि पहिल्याचे उत्तर कायमचे जाते. बंद्याने कोणा बंद्यास साक्षीदार सांगितले तर 'कैद्याची साक्ष काय घ्यावयाची' म्हणून ती झिडकारू नये. तुरुंगात घडलेली गोष्ट कैद्यांनीच पाहिलेली असावयाची, तेथे दुसरे कोण असते? ज्याची तक्रार त्याने निवाडा करू नये, हे तर सांगावयासही नको. राजाने किंवा त्याच्या सेवकाने होऊन दावा उभा करू नये असे मनूने म्हटले आहे. तुरुंगात तक्रारदार नेहमीच राजसेवक असतो, त्याला इलाज नाही, म्हणून निदान निवाडा करणारा तरी त्या तक्रारीपासून चार हात दूर असावा. आणि शेवटी कारणे: बंद्याचे म्हणणे असे होते, ते आम्ही ह्या कारणास्तव मानले किंवा मानले नाही, अशी तीन ओळींची नोंद. ज्यास कारण लिहावे लागते तो निवाड्यापूर्वी ते शोधतो.

ह्यासाठी व्याख्यानांचा फारसा उपयोग नाही. नाटकाची तालीम होते तशी सुनावणीची तालीम व्हावी. एका शिकाऊ अधिकाऱ्यास बंदी करावे, त्याच्या हाती एक खरी हकीकत लिहून द्यावी आणि बजावावे की, विचारल्यावाचून ती सांगावयाची नाही. दुसऱ्याने सुनावणी घ्यावी. संपल्यावर त्याने लिहिलेली नोंद आणि पहिल्याच्या हातातील हकीकत शेजारी शेजारी ठेवून वर्गात वाचावी. आमच्या विद्यार्थ्याची गोष्ट अशा तालमीस चांगली उपयोगी पडेल.

ह्यावर कारागृहातील अनुभवी लोक म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही, की तुरुंग म्हणजे दिवाणी कोर्ट नव्हे. कोंदटलेल्या बराकी, अपुरे शिपाई, कोणाच्या हाती केव्हा पत्र्याचा तुकडा येईल ह्याचा नेम नाही. तेथे साक्षी काढीत बसलो तर सायंकाळची मोजणी व्हावयाची नाही. ह्यास उत्तर असे की, अटकाव आणि शिक्षा ह्या दोन गोष्टी आहेत. भांडणाऱ्यास तत्काळ वेगळे करावे. त्याला कोणाची ना नाही. पण वेगळे केले हा निवाडा नव्हे. निवाडा दुसऱ्या दिवशी, डोके थंड असताना व्हावा. साध्या ताकिदीच्या प्रकरणास दहा मिनिटे पुरतात. ज्यात दिवस कापले जाणार किंवा कोठडी मिळणार त्यातच सविस्तर सुनावणी लागेल. आणि शिपायासही ह्यात संरक्षण आहे. कारणांसह लिहिलेली नोंद असली म्हणजे त्याच्यावरचे खोटे किटाळ टिकत नाही. 'आरोप मान्य' ह्या दोन शब्दांच्या आड कोणालाच लपता येत नाही. आमच्या घरांतील वडील मंडळींस हे समजावे. लोणच्याची बरणी फुटली आणि ज्या पोराच्या हाती फडके सापडले त्यालाच धपाटा बसला, तर त्या पोराच्या मनातून बरणी जाते, आजोबा जातात ते मात्र लवकर परत येत नाहीत.

महाराष्ट्रात विश्वासाचे मोठे प्रयोग झाले आहेत. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन ह्यांनी स्वतंत्रपूरची मोकळी वसाहत काढली. तिच्यावरूनच शांतारामांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट निघाला. तो पाहून आमच्या पिढीचे डोळे पाणावले. परंतु मोकळ्या वसाहतीत जावयाचे तर वर्तणुकीची नोंद निर्मळ लागते, आणि ती नोंद निर्मळ की मलिन हे ठरते पुन्हा त्या बंद तुरुंगातल्या टेबलाशीच.

ह्या मासिकाच्या वाचकांत निवृत्त शिक्षक, वैद्य, वकील पुष्कळ आहेत. कारागृहांस भेट देण्यासाठी शासन अशासकीय अभ्यागत नेमिते, हे त्यांतील थोड्यांना ठाऊक असेल. असे अभ्यागत बहुधा स्वयंपाकघरात जाऊन भाकरीचा तुकडा चाखतात, वाचनालय पाहतात, भेटवहीत चार बरे शब्द लिहितात आणि चहा घेऊन परततात. त्यांनी शिक्षा-नोंदवही मागून पाहावी. तीत एकाच दिवशी किती जणांची प्रकरणे निघाली ते मोजावे. बंद्याच्या म्हणण्याच्या जागी ओळीमागून ओळ तेच दोन शब्द आढळले, तर त्यांतल्या तिघाचौघांना बोलावून घ्यावे, शिपायास थोडे दूर उभे राहावयास सांगावे, आणि त्या दिवशी काय विचारले गेले व काय विचारावयाचे राहिले, हे ज्याच्या त्याच्या बोलीत ऐकून घ्यावे.